शिशासोबत ब्रोमीन नव्हतं

सुजाता,

परवा पेट्रोल भरायला थांबले आणि हिरवी नळी हातात धरून तशीच उभी राहिले. मागच्या गाडीतल्या माणसाने आधी हॉर्न वाजवला, मग काच खाली करून विचारलं, "यू ऑल राइट, लव्ह?" मी मान हलवली. त्याला काय सांगणार होते? या हिरव्या नळीतून बिनशिशाचं पेट्रोल येतं, ते यायला लागलं तेव्हा माझी एक मैत्रीण लहान मुलीसारखी खूश झाली होती, आणि तिला जाऊन अजून महिनाही झालेला नाही, हे पेट्रोल पंपावर कुणाला सांगायचं?

तेव्हा तुझी स्वतःची गाडी इतकी जुनी होती की तिला ते पेट्रोल चालतच नव्हतं. अख्ख्या कार्डिफच्या हवेतलं शिसं मोजणारी बाई स्वतः शिशाचं फोर-स्टार भरून हिंडते म्हणून मी तुला केवढं चिडवलं. तू म्हणालीस, "असू दे ग. माझ्या फिल्टरवर थोडं माझंही असू दे."

तुझ्या युनिव्हर्सिटीने तुझ्यावर एक पान छापलंय. कुठे शिकलीस, काय शोधलंस, कोणकोणत्या कमिट्यांवर होतीस. मी ते वाचलं आणि मनात आलं, ही बाई चांगली होती वाटतं, हिची ओळख व्हायला हवी होती. म्हणून मी लिहायला बसले. केमिस्ट्री मला शाळेतसुद्धा जमली नाही. पण तू ती मला शिकवलीस, भांडी घासताना, गाडीत, छतावर, आणि त्यातलं बरंचसं माझ्यापाशी राहिलंय. त्याचं आता काय करायचं ते कळत नाही.

आपली ओळख गणपतीत झाली. चर्चचा भाड्याने घेतलेला हॉल, कागदी प्लेटा, आणि हीटर चालू होत नाही म्हणून साड्यांवर कोट घातलेल्या बायका. एका काकांनी तुला विचारलं, "नागपूरच्या का तुम्ही? आडनाव काय म्हणालात?" तू सांगितलंस. "अच्छा, अच्छा," ते म्हणाले आणि प्रसादाच्या टेबलाकडे वळले. त्या दोन अच्छांमध्ये काय होतं ते समजायला मला जरा वेळ लागला. तुला लागला नाही. नंतर किचनमध्ये मी पातेली धूत होते आणि तू पुसत होतीस. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"आपल्या लोकांना आडनाव विचारायची खोड असते ना," तू म्हणालीस, "मी तेच हवेतल्या धुळीला विचारते. कुठली ग तू? कुणाच्या घरची?" आणि हसलीस. मी हसावं की नाही ते मला कळेना. तू पातेलं उलटं ठेवलंस आणि म्हणालीस, "हसा हो. मी थट्टा केली." निघताना आपण एकमेकींना फोन नंबर दिले. त्या हॉलमध्ये तू पुन्हा आली नाहीस. आमच्या घरी मात्र आलीस, आणि तुम्हीवरून तूवर यायला आपल्याला एक कांदेपोह्यांची बशी पुरली.

पहिल्यांदा छतावर नेलंस तो दिवस मला नीट आठवतो. तुमच्या इमारतीच्या माथ्यावर तो सॅम्पलर, पत्र्याच्या खुराड्यासारखा, आत सारखा घुरघुरणारा पंप. पंप हवा ओढायचा आणि त्याच्या तोंडाशी पुरीएवढा पांढरा फिल्टर. पांढरा घातलेला तो फिल्टर तू चिमट्याने बाहेर काढलास तेव्हा राखाडी झालेला होता.

"ई," मी म्हटलं, "हे आपण श्वासातून घेतो?"

"हे नाही घेतलं आपण. हे फिल्टरने घेतलं. आपण घेतलं ते आपल्यात आहे."

मग कठड्याला टेकून तू मला समजावलंस. एकटं शिसं काही बोलत नाही. एकट्या लवंगेवरून मसाला कुणाच्या घरचा ते कसं कळणार? पण लवंग किती, दगडफूल किती, खोबरं भाजलंय की नाही, हे कळलं की माझ्या साताऱ्याचा मसाला वेगळा आणि तुझ्या आईचा नागपूरचा वेगळा. हवेचंही तसंच. पेट्रोलमधलं शिसं ब्रोमीनला बरोबर घेऊन येतं, कारण इंजिनात शिसं साचू नये म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीन घातलेलंच असतं. व्हॅनेडियम आणि निकेल जोडीने दिसले तर कुठेतरी जाड काळं तेल जळतंय, जहाजात नाहीतर मोठ्या बॉयलरमध्ये. जस्तामागे बऱ्याचदा झिजलेले टायर. लोखंड आणि मँगनीज पोलादाच्या भट्टीकडून. आणि सोडियम दिसलं की घाबरायचं नाही, तो समोरचा समुद्र.

"आणि आता तुला एक पत्ता सांगते," तू म्हणालीस. "पश्चिमेचा वारा असला की इथे व्हॅनेडियम चढतं. कुणाचं असेल?"

"बंदरातलं?"

"बंदर दक्षिणेला. तुझं हॉस्पिटल, बाई."

मी हेल्थ व्हिजिटर. नव्या बाळांच्या घरी जायचं, वजनं घ्यायची, लसींच्या तारखा द्यायच्या, रडणाऱ्या आयांना चहा करून द्यायचा. आमचं बेबी क्लिनिक हॉस्पिटलच्या आवारातच होतं, बॉयलरच्या चिमणीला पाठ लावून. त्या चिमणीखाली मी वर्षानुवर्षं बाळांना तागडीत ठेवत होते. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की हिवाळ्यात वॉर्ड गरम ठेवायचे असतात. ते खरंच होतं. मी परत जाऊन बाळांची वजनं घेतली.

माझी आई गेली तेव्हा साताऱ्याहून फोन आला आणि तिकिटाची काही सोय होईपर्यंत तिकडे सगळं उरकलंसुद्धा होतं. लोक भेटायला येत होते, "वय झालं होतं," "सुटल्या बिचाऱ्या," असं म्हणत होते. तू मात्र मला गाडीत घातलंस आणि छतावर घेऊन गेलीस. वारा इतका होता की बोलणं ऐकूच आलं नसतं. तू माझ्या हातात चिमटा दिलास आणि कानाशी येऊन ओरडलीस, "पकड. हात लावू नकोस, कडेला धर." मी तो राखाडी गोल धरून उभी राहिले. तू डबी उघडलीस, मी तो आत ठेवला. मग नवा पांढरा बसवला. तेवढंच केलं आपण. खाली उतरताना जिन्यात मला रडू फुटलं आणि तू एका पायरीवर बसून राहिलीस, मला वाटेल तितका वेळ. याबद्दल मी तुला कधी थँक यू म्हटलं नाही. आपल्यात ते शोभलं नसतं. पण म्हणायला हवं होतं असं आता रोज वाटतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मला केली नावाची एक मुलगी भेटली.

शहराच्या कडेला एक छोटा कारखाना होता, जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा. त्याच्या भिंतीला लागून घरांची एक ओळ. तिथे शॅरन राहायची, वीस-बावीस वर्षांची, सदा हसतमुख, आणि तिची मुलगी केली, अजून बोलायला न लागलेली. शॅरनचा नवरा त्याच कारखान्यात होता. केली मागच्या अंगणात बसून माती खायची. पोट दुखायचं, चेहरा फिकट, झोपेतून किंचाळत उठायची. मी डॉक्टरांच्या मागे लागून तिचं रक्त तपासून घेतलं. शिसं जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, जुन्या घरांच्या रंगात असतं, कौन्सिलला सांगा. कौन्सिलने येऊन खिडक्या नव्याने रंगवल्या. पुढच्या तपासणीतही शिसं तेवढंच.

मी तुला सांगितलं तेव्हा तू फक्त एवढंच विचारलंस, "बाहेर प्लगपॉइंट आहे का तिच्याकडे?"

शॅरनच्या अंगणातल्या शेडवर आपण सॅम्पलर बसवला. पंपाच्या आवाजाची शेजाऱ्याने तक्रार केली तेव्हा शॅरन भिंतीवरून ओरडली, "माझ्या नवऱ्याच्या घोरण्यापेक्षा कमी आहे!" तू दर आठवड्याला यायचीस. शॅरन तुला 'डॉक्टर' म्हणायची आणि चहात न विचारता तीन चमचे साखर घालायची, आणि तू तो पूर्ण प्यायचीस. केली तुझ्या गळ्यातली माळ ओढायची. तिला मांडीवर घेऊन तू तिची बोटं पुसायचीस, एकेक करून, ओल्या रुमालाने. मला ते पाहवायचं नाही.

मग एका दुपारी तुझा क्लिनिकमध्ये फोन आला. "शैला, ब्रोमीन नाहीये."

मी विचारलं, म्हणजे काय.

"म्हणजे हे पेट्रोलचं शिसं नव्हे. याच्याबरोबर अँटिमनी आहे. बॅटरीच्या पट्ट्या कडक व्हाव्यात म्हणून शिशात अँटिमनी घालतात. आणि वारा कारखान्याकडून असतो तेव्हाच हे चढतं."

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. मला वाटलं, झालं. कळलं ना कुठून येतंय? आता थांबेल. किती वेडी होते मी. कुठून येतं ते कळलं की थांबतं, असं मला खरंच वाटलं होतं.

कम्युनिटी हॉलमधली ती मीटिंग तुला आठवत असेल. निम्मा हॉल आयांचा, निम्मा कारखान्यातल्या माणसांचा, आणि बऱ्याच जणी दोन्हीकडच्या. कंपनीने एक तज्ज्ञ आणला होता, गोड बोलणारा, करड्या सुटातला. तो म्हणाला, शिसं जुन्या रंगात असतं, जुन्या पाइपांत असतं, पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांतून येतं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मग तू उठलीस. तू साडी नेसून आली होतीस, का कोण जाणे, एरवी कामावर कधी नेसायची नाहीस. तू सोपं करून सांगितलंस, ब्रोमीन, अँटिमनी, वारा.

तज्ज्ञाने हसून विचारलं, "हवेत जुन्या झालेल्या धुळीतून ब्रोमीन उडून जातं, हे डॉक्टरांना मान्य आहे का?"

"मान्य आहे," तू म्हणालीस.

"म्हणजे ब्रोमीन नाही म्हणून शिसं गाड्यांचं नाहीच, असं खात्रीने म्हणता येणार नाही?"

"फक्त तेवढ्यावरून, नाही. सगळं मिळून पाहिलं तर कारखान्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे."

"शक्यता," तो म्हणाला आणि खाली बसला.

मग शॅरन उभी राहिली. केली तिच्या कडेवर होती. शॅरनने तज्ज्ञाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही. तुझ्याकडे पाहून म्हणाली, "मग मी काय करू, डॉक्टर? तेवढं सांगा. इथून जायला मला दुसरं घर नाही. हिला अंगणात सोडू नको? त्याला नोकरी सोडायला सांगू? काय करू ते सांगा."

तू हातातले कागद टेबलावर ठेवलेस. मग म्हणालीस, "मला माहीत नाही."

परत येताना गाडीत आपण जे भांडलो ते आपण पुढे कधी संपवलं नाही.

"तू 'मान्य आहे' का म्हणालीस?"

"कारण ते खरं आहे."

"त्याने अर्धंच खरं सांगितलं!"

"म्हणून मी अर्धं खोटं सांगू?"

"तू नुसतं म्हणायचंस की कारखाना आहे. तुला माहीत आहे की कारखाना आहे."

"मला वाटतं की आहे. माहीत असणं वेगळं."

"केलीच्या रक्ताला हे वेगळं कळतं का?"

तू गाडी बाजूला घेतलीस आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसलीस. "शैला," तू म्हणालीस, "मी एकदा जरी जास्तीचं बोलले ना, की माझी सगळीच मापं खोटी ठरवायला त्यांना वेळ लागणार नाही. आणि मी कोण आहे ते बघ. मला तेवढीसुद्धा सूट मिळत नाही." मला तुझं पटलं नाही. सुजाता, मला अजूनही पटलेलं नाही. तू मेलीस म्हणून मी हे कबूल करेन असं तुला वाटत असेल तर नाही करणार. तू म्हणायला हवं होतंस. आणि तू म्हणाली असतीस तरी काही झालं नसतं, हेही मला दिसतं. मग मी कुणाशी भांडतेय?

कमिटी नेमली गेली. आणखी मोजणी करू असं ठरलं. ती झाल्यावर आणखी एक. कारखान्याने चिमणीवर काहीतरी बसवलं आणि फाटकापाशी फुलझाडं लावली. केली शाळेत जायला लागली. वाचायला तिला फार जड जायचं, अक्षरं उलटी लिहायची आणि चिडून पेन्सिल मोडायची. ते शिशामुळेच का, हे कुणी सांगू शकत नव्हतं. शाळेत अशी इतरही मुलं होती, त्यातली काही शहराच्या दुसऱ्या टोकाची. तू मला हेही प्रामाणिकपणे सांगितलंस आणि मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही.

मग एके दिवशी कारखाना बंद झाला. तुझ्यामुळे नव्हे, माझ्यामुळे नव्हे. धंदा परवडेना म्हणून. शॅरनचा नवरा घरी बसला. दोघांची भांडणं व्हायला लागली आणि पुढे ती केलीला घेऊन आईकडे निघून गेली. ते घर बरेच महिने रिकामं होतं. शेडवरचा सॅम्पलर मात्र तू काढला नव्हतास. फिल्टर अजून राखाडी निघत होते, पण त्यांत आता शहराचंच काय ते होतं. गाड्यांचंसुद्धा शिसं कमी व्हायला लागलं होतं. मी म्हटलं, "चला, एवढं तरी झालं."

त्यानंतर तू एका कॉन्फरन्सला गेलीस. परत आलीस ती थेट आमच्याकडे. दुपारची वेळ, मी भाजी चिरत होते. तू कोट न काढता किचनच्या दारात उभी राहिलीस.

"त्या बॅटऱ्या आता कुठे जातात, माहीत आहे?"

"कुठे?"

"कंटेनरमध्ये भरून बाहेर. त्या धंद्यातलाच एक माणूस भेटला, तो सांगत होता. बऱ्याचशा आपल्याकडे."

"आपल्याकडे म्हणजे?"

"आपल्याकडे, शैला."

मी सुरी खाली ठेवली. तू तिथेच दाराच्या चौकटीला टेकलीस. "तिथे उघड्यावर फोडतात," तू म्हणालीस. "परसात, भट्टीवर. बायका फोडतात. तिथे कोण पंप लावणार? तिथल्या शॅरनला कोण सांगणार की ही माती पोरीच्या तोंडात जाऊ देऊ नकोस?" मी म्हटलं, बस, चहा करते. तू बसलीस, चहा घेतलास, आणि एकाएकी तोंडावर हात घेऊन रडायला लागलीस. इतक्या वर्षांत मी तुला रडताना पाहिलं ते तेवढंच. मी तुझ्या कोटाची बटणं काढली आणि कोट खुंटीला लावला.

तू भारतातल्या ओळखीच्यांना लिहिलंस. सुट्टीत नागपूरला गेलीस तेव्हा दोन-तीन ऑफिसांच्या पायऱ्याही चढून आलीस. सगळे छान बोलले, चहा पाजला. त्यापुढे काही झालं नाही. परत आल्यावर तू त्याबद्दल बोलायची नाहीस. मी विचारलं तर म्हणायचीस, "बघू." तुझ्या तोंडून 'बघू' हा शब्द मी आधी ऐकला नव्हता.

खोकला त्याच हिवाळ्यात सुरू झाला. सगळ्यांनाच असतो इथे हिवाळ्यात. वसंतात गेला नाही तेव्हा मीच तुला ओढून डॉक्टरकडे नेलं. स्कॅन, मग दुसरा स्कॅन, मग ती छोटी खोली, जिथे टेबलावर टिशूंचा डबा ठेवलेला असतो. अशा खोल्या मला नोकरीमुळे ठाऊक होत्या. आत शिरतानाच मला कळलं. कन्सल्टंट तरुण होता, त्याने विचारलं, "दिवसाला किती सिगरेट?"

"एकही नाही."

"पूर्वी?"

"कधीच नाही. माझ्या पार्टनरने ओढल्या असतील," तू म्हणालीस. त्याला वाटलं तू नवऱ्याबद्दल बोलते आहेस. "शहराबद्दल म्हणतेय मी," तू म्हणालीस आणि हसलीस, आणि हसताना खोकल्याची उबळ आली.

घरी आल्यावर मला राहवलं नाही. मी तुला विचारलं, "कुठून आलं ग हे?"

तू सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होतीस. "एका माणसाचं सांगता येत नाही, शैला. शहराचं सांगता येतं. इतक्या लोकांत इतक्यांना जास्त होईल, एवढंच. त्यातली मी कोण ते नाही."

"पण तू शोधलंस तर? तुझ्या लॅबमधलं ॲसिड, तो धूर, ती धूळ, तू वर्षानुवर्षं—"

"आणि आईची चूल?" तू म्हणालीस. "लहानपणी चुलीसमोर बसून अभ्यास केलाय मी, उजेड तिथेच असायचा म्हणून. ओली लाकडं, गोवऱ्या. आई फुंकायची आणि मी पाढे म्हणायची. आरोपी उभे करायचे तर सगळ्यात आधी आईला उभं करावं लागेल. करू?"

मी नको म्हणून मान हलवली.

"किंवा काहीच नसेल," तू म्हणालीस. "नुसतंच झालं असेल. असंही होतं."

हे मला सगळ्यात जड गेलं. कारखाना चालला असता मला, पेट्रोल चाललं असतं. कुणावर तरी ओरडता आलं असतं. तू मला तेवढंसुद्धा दिलं नाहीस. मरतानाही तू मापाबाहेर बोलली नाहीस, आणि मला तुझा राग येतो, आणि त्याच क्षणी वाटतं की अशी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. या दोन्ही गोष्टींचं मी काय करू?

तुझ्या नवऱ्याने, मिलिंदने, तुझं सगळं केलं. तो कधीच फार बोलायचा नाही, आता तर अजिबातच बोलत नाही. तुमची लेक मित्रा केंब्रिजहून दर शुक्रवारी यायची. एकदा तिने मला फोन केला, तिच्या त्या इंग्लिश वळणाच्या मराठीत. "मावशी, आईचा श्वास खूप छोटी झालीय. तुम्ही येऊ शकता?" तू नेहमी तिचं व्याकरण दुरुस्त करायचीस, 'छोटा, ग, छोटा'. मी केलं नाही. मी येते म्हटलं आणि कोट घेतला.

तुझ्या अंत्यविधीला बर्मिंगहॅमहून दोघे जण आले होते, त्यांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. मित्राला सगळं पाठ होतं, एकही शब्द चुकला नाही. गणपतीच्या हॉलमधले ते काकाही आले होते, थकलेत आता. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "फार विद्वान बाई हो." मी 'अच्छा' म्हणणार होते. म्हटलं नाही, त्यांचे डोळे ओले होते. सगळं झाल्यावर बाहेर आलो. वर, क्रिमेटोरियमच्या चिमणीकडे, बघावं की नाही ते मला समजेना. मी खाली बघत गाडीपर्यंत गेले.

तू गेलीस त्याच्या आदल्या दुपारी मी एकटीच तुझ्यापाशी होते. मिलिंद आणि मित्राला मी कँटीनमध्ये पाठवलं होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोटं थंड. तू डोळे उघडलेस आणि खिडकीकडे पाहिलंस.

"उघड ना."

हॉस्पिटलच्या त्या खिडक्या वीतभरच उघडतात, कुणी पडू नये म्हणून. मी उठले आणि खाली पाहिलं. खाली एक ॲम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून उभी होती. तिच्या मागे दुसरी. मी कडीला हात लावून थांबले. इतक्या वर्षांत तू मला एवढं शिकवलं होतंस की त्या वीतभर फटीतून काय काय आत येईल ते मला पाठ होतं. आणि तू म्हणत होतीस, उघड.

मी उघडली. थंड हवा आली, पडदा हलला. तेवढ्यात वारा फिरला असावा, कारण गावातल्या बिअरच्या ब्रूअरीतला तो भिजलेल्या माल्टचा वास आत आला, उकडलेल्या गव्हासारखा, जरासा गोड. तू डोळे मिटून घेतलेस.

"कसला ग वास?" तू विचारलंस.

तू. मला. मी तुझ्याजवळ येऊन बसले आणि तुझा हात हातात घेतला.

"ब्रूअरीचा," मी म्हटलं. "माल्ट शिजतंय."

"अजून काही?"

खाली इंजिन चालूच होतं.

"नाही," मी म्हटलं. "एवढंच."

"छान आहे," तू म्हणालीस, आणि जमेल तेवढा खोल श्वास घेतलास.

तुझी,
शैला